लॅपटॉपच्या जोडीला स्वरलेखन शिकू द्या

प्रिय ताई,

मुलगा बारावीला आहे, हार्मोनियमच्या परीक्षा दिल्या आहेत, आता रात्रंदिवस लॅपटॉपवर गाणी करतो आणि ‘बीटल्सच्या जॉर्ज मार्टिनसारखा प्रोड्युसर-अरेंजर होणार’ म्हणतो (बीटल्स हा इंग्लंडचा गाजलेला बँड, मार्टिन त्यांची गाणी रेकॉर्ड करून घेणारे). हे काम नेमकं काय, त्यावर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय.

माणूस त्याने फार चांगला निवडलाय. पण बीटल्सच्या आधीचे मार्टिन त्याला ठाऊक आहेत का, ते विचारा. लंडनच्या सुताराचा हा मुलगा. नौदलातून सुटल्यावर 1947 ते 1950 लंडनच्या गिल्डहॉल या संगीत विद्यालयात पियानो, ओबो (एक सुषिर वाद्य) आणि संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेतलं. मग पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीत मदतनीस, 1955 साली प्रमुख. बीटल्स भेटले 1962 मध्ये! तोवर शास्त्रीय संगीतापासून विनोदी नट पीटर सेलर्सच्या रेकॉर्डपर्यंत पडेल ते काम केलं होतं.

जून 1965 मधलं बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचं ‘यस्टरडे’ हे गाणं घ्या. मार्टिननी तंतुवाद्यं सुचवली, तर गाणं गुळगुळीत होईल अशी मॅकार्टनींना धास्ती. मग चारच वाद्यं ठरली: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. मॅकार्टनींना स्वरलेखन येत नव्हतं. ते शेजारी बसून सांगत, मार्टिन कागदावर उतरवत. सूर थरथरवू नका, सरळ लावा, हा आग्रह मॅकार्टनींचा. चेलोची एक लकेरही त्यांचीच. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं आणि वादकाला वाजवता येईल असं लिहून द्यायचं, हे अरेंजरचं काम. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या सेबास्टियन डिसूझांनी, पुढे आपल्या अनिल मोहिल्यांनी तेच केलं.

आता पैशाचं. बीटल्सच्या रेकॉर्डी लाखोंनी खपत होत्या, तेव्हा मार्टिन पगारी नोकर होते. रॉयल्टीत वाटा नव्हता. 1965 साली नोकरी सोडून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर स्वतःची कंपनी काढली. म्हणून मानधन, श्रेय आणि रॉयल्टी पहिल्या कामापासून लेखी घ्यायची सवय मुलाला लावा. सुरुवातीची काही वर्षं कमाई अनियमित असते, तेव्हा पदवी सोडू देऊ नका.

बारावीनंतर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत थिअरीच्या (त्यात स्वरलेखन येतं) परीक्षांची तयारी सुरू करू द्या. त्या भारतात देता येतात. आणि या सुट्टीत स्वतःच्या एका गाण्याला व्हायोलिनची साथ लिहून ती खऱ्या वादकाकडून वाजवून घ्यायला सांगा. वादक कुठे अडतो, ते त्याने तिथेच टिपून घ्यावं आणि दुसरा खर्डा करावा. दोन्ही कागद मला पाठवा.