रिकामी ओळ की कोरी ओळ?

लिनक्सवर साध्या मजकुराच्या फाइलच्या शेवटी नको असलेल्या ओळी उरतात. त्यांना ‘रिकामी ओळ’ म्हणावं की ‘कोरी ओळ’, असा प्रश्न आला आहे. सोबत अडचणही आहे: त्या डोळ्यांना दिसतात, पण ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला ^$ (ओळीची सुरुवात आणि लगेच शेवट) देऊन शोधल्या तर सापडत नाहीत.

माझ्या मते दोन्ही शब्द हवेत, कारण वस्तूच दोन आहेत. डबा रिकामा असतो, कागद कोरा असतो. रिकाम्या डब्यात काहीच नसतं. कोऱ्या कागदावर मात्र छापील रेघा असल्या तरी तो कोराच. कोऱ्या चहात दूध नसतं, चहा असतोच की!

युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स या मानकात नेमका हाच भेद केला आहे. एका व्याख्येत ओळ संपवणाऱ्या चिन्हाशिवाय काहीही चालत नाही, ती रिकामी ओळ. दुसरीत त्या चिन्हाआधी स्पेस किंवा टॅब असले तरी चालतात, ती कोरी ओळ. म्हणजे प्रत्येक रिकामी ओळ कोरी असते, पण प्रत्येक कोरी ओळ रिकामी नसते. ^$ फक्त रिकामी ओळ पकडतं. तुमच्या ओळींत बहुधा स्पेस दडल्या आहेत. मध्ये स्पेस आणि तारा (म्हणजे आधीचं चिन्ह कितीही वेळा) घालून ^ *$ असं शोधून पाहा. (टॅबसाठी वेगळी सोय लागते.) मात्र तेच सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेला देऊन सरसकट ओळी उडवू नका, दोन कडव्यांमधली मोकळी जागाही जाईल.

आधी डोळ्यांनी पाहायचं तर कॅट या फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या आज्ञेला मोठ्या लिपीतला ‘ई’ (-E) हा पर्याय द्या. प्रत्येक ओळ जिथे संपते तिथे $ दिसतो. रिकाम्या ओळीत तो अगदी डावीकडे चिकटतो, स्पेस असतील तर उजवीकडे सरकतो. बरेच जण ‘ए’ (-A) हा पर्याय सुचवतात, पण त्याने देवनागरी अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा दिसतो.

राहिलं ते ओळ संपवणारं चिन्ह, आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतातला क्रमांक 10. त्याला मी ‘ओळअखेर’ म्हणते, मार्चअखेर म्हणतो तसं. ते दोन ओळींमधला स्वल्पविराम नाही, प्रत्येक ओळीचा पूर्णविराम आहे. शेवटच्या ओवीनंतरही ॥ येतोच. त्यापुढे एक रिकामी ओवी आहे असं कुणी म्हणत नाही. तीन नावांच्या फाइलमध्ये शेवटच्या नावाला ओळअखेर नसेल, तर डब्ल्यूसी ही मोजणी करणारी आज्ञा ओळी 2 च मोजते. तेव्हा साफसफाई करताना शेवटच्या ओळीची ओळअखेर तेवढी राहू द्या.