जेनेसिस: रेघ १९७५वर ओढायची की १९७७वर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘इन्व्हिजिबल टच’ या अल्बमपासून जेनेसिस हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला लागलात, आवडलं, आणि जुन्या मंडळींनी लगेच सुनावलं की हा खरा जेनेसिस नव्हेच. गायक पीटर गेब्रिएल १९७५ साली बँड सोडून गेला तेव्हाच बँड संपला, उरलंसुरलं त्याच्या जागी गाणाऱ्या फिल कॉलिन्सनं पॉप करून टाकलं. यात खरं किती, आणि आता पुढे काय ऐकू?

आधी कबुली देतो. असं सुनावणाऱ्यांत मी स्वतः बरीच वर्षं होतो. मित्रानं भरून दिलेली एक कॅसेट होती, वर पेनानं फक्त ‘जेनेसिस’ लिहिलेलं. त्यातली ‘स्क्वोंक’ आणि ‘रिपल्स’ मी सहाएक महिने गेब्रिएलची म्हणून ऐकली. नुसती ऐकली असती तर ठीक होतं. ‘हा आवाज कॉलिन्सला सात जन्मांत जमणार नाही’ असं त्याच गाण्यांचा दाखला देऊन चारचौघांत बोललोही. ती दोन्ही ‘अ ट्रिक ऑफ द टेल’मधली. साल १९७६, गायलाय कॉलिन्स. ज्यानं हे माझ्या लक्षात आणून दिलं तो बिचारा हसलासुद्धा नाही, त्यामुळे जास्तच लागलं. तेव्हापासून या वादात जरा जपून बोलतो.

माझा कान चुकला, पण अगदीच उगाच नाही. कॉलिन्स १९७० साली ड्रमर म्हणून आला आणि पहिल्यापासून गेब्रिएलच्या मागे दुसरा आवाज लावत होता. ‘नर्सरी क्राइम’मधलं ‘फॉर ॲब्सेंट फ्रेंड्स’ आणि ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’मधलं ‘मोअर फूल मी’ ही त्यानंच गायलेली, गेब्रिएल बँडमध्ये असताना. म्हणजे ज्याला आपण ‘गेब्रिएलच्या काळातला आवाज’ म्हणतो त्यात कॉलिन्स आधीच मिसळलेला आहे. गेब्रिएल गेल्यावर बाकीच्यांनी शेकडो गायक ऐकून पाहिले आणि शेवटी ड्रमच्या मागे बसलेल्यालाच पुढे आणलं. ‘ट्रिक’ ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याआधीचा, गेब्रिएलचा शेवटचा ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ दहाव्यावर थांबला होता. संपलेला बँड असा चढत नाही.

गायक बदलला की बँड बदलला, हे आपण फार सहज धरून चालतो, कारण कानाला पहिल्यांदा शब्द आणि आवाज लागतो. जेनेसिसपुरतं तरी हे गृहीतक फसवं आहे. या बँडचा कणा टोनी बँक्सचा कीबोर्ड. १९६७ला चार्टरहाउस शाळेतल्या पोरांनी सुरुवात केली तेव्हापासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत तो आहे. त्याच्या सोबतीला तितकाच जुना माइक रदरफर्ड, बासवर. कॉलिन्स आल्यावर या तिघांचं जे काही जुळलं, ते गेब्रिएल आणि गिटारवाला स्टीव्ह हॅकेट बँडमध्ये असतानाच जुळलं होतं. नंतरचा तिघांचा जेनेसिस आधीच्या पाचजणांच्या जेनेसिसच्या पोटात होता.

पुरावा कानानंच घ्या. ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) मधलं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांचं आहे. त्यात शेवटाकडे ‘अपोकॅलिप्स इन ९/८’ नावाचा तुकडा येतो. बास आणि ड्रम नऊ मात्रांचा एकच हट्टी तुकडा धरून बसतात. तीन, दोन, चार असं बोटांवर मोजून बघा. वर बँक्सचा ऑर्गन वाजतो तो या नऊ मात्रांशी आपलं काही देणंघेणं नसल्यासारखा. कधी चारच्या वजनानं चालतो, कधी रेंगाळतो, समेवर येतोय असं वाटतं आणि हुलकावणी देऊन पुढे जातो. दोन-अडीच मिनिटं हा ताण वाढत राहतो. हे तिघांनी मिळून वाजवता वाजवता बसवलेलं. गेब्रिएलनं त्यावर नंतर शब्द चढवले, आणि तिथे गेब्रिएलचीही थोरवी कळते: जो तुकडा बाकीचे नुसत्या वाद्यांचा समजत होते, त्याच्या ऐन माथ्यावर तो ओरडत येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. मी शंभरदा ऐकलंय, अजून राहतो.

दुसरं, ‘द सिनेमा शो’ (१९७३). पहिला अर्धा भाग बारा तारांच्या गिटारींचा, गोड, गेब्रिएल गातोय. मग सात मात्रांवर गाडी सुटते आणि जवळजवळ शेवटपर्यंत बँक्स, रदरफर्ड, कॉलिन्स. गेब्रिएल नाही, हॅकेट असून नसल्यासारखा. आता हे ऐकून लगेच ‘ड्यूक’ (१९८०) मधलं ‘ड्यूक्स ट्रॅव्हल्स’ लावा. मध्ये सात वर्षं आहेत, दोन माणसं गेली आहेत, पण घर तेच आहे, फर्निचर हललंय.

मग काही तुटलंच नाही का? तुटलं. पण माझ्या मते १९७५ला नाही, १९७७ला, हॅकेट गेला तेव्हा.

‘फर्थ ऑफ फिफ्थ’ हेडफोन लावून ऐका. सुरुवातीचा पियानो बँक्सचा, तो सगळ्यांनाच माहीत असतो. मधे गेब्रिएल बासरीवर एक साधी, उदास धून वाजवतो. अर्ध्या लक्षानं ऐकलं तर निसटून जाईल इतकी हळू. मग पियानो, मग सिंथेसायझरचं वादळ. आणि ते ओसरल्यावर हॅकेट तीच बासरीची धून गिटारवर घेतो. घाई नाही, बोटांची सर्कस नाही. एकेक स्वर इतका लांब धरतो की गिटार आहे की व्हायोलिन असा प्रश्न पडावा. बँक्सच्या भरगच्च सुरावटीत मोकळी जागा ठेवणारा हा एकटा माणूस होता. त्याच्या चाली अल्बममधून बाहेर राहू लागल्या, ‘विंड अँड वदरिंग’च्या वेळचं ‘इनसाइड अँड आउट’सारखं सुरेख गाणं एका छोट्या रेकॉर्डवर ढकललं गेलं, आणि ‘सेकंड्स आउट’ या लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग चालू असताना तो गेला. पुढचा अल्बम १९७८चा, त्याचं नावच ‘...अँड देन देअर वेअर थ्री...’. गिटारही आता रदरफर्डच वाजवू लागला. तो गाण्याचा उत्तम माणूस आहे, पण हॅकेट नाही. त्या अल्बममध्ये कीबोर्ड सगळीकडे भरून राहिलाय, खिडकी उघडावीशी वाटते.

हॅकेटला हा मान देणारे जुन्या मंडळींत फार कमी. त्यांना गेब्रिएलचा रंगमंचावरचा कोल्ह्याचा मुखवटा आणि लाल झगा आठवतो.

आता ‘कॉलिन्सनं पॉप केलं’ या आरोपाकडे. श्रेयनामावली काढून बघा, ‘ट्रिक’पासून गाण्यागणिक नावं आहेत. ‘युअर ओन स्पेशल वे’ हे १९७६चं गुळचट प्रेमगीत रदरफर्डचं. ‘फॉलो यू फॉलो मी’, ज्यानं बँडला पहिल्यांदा ब्रिटनच्या पहिल्या दहांत नेलं, त्याचे शब्द रदरफर्डचे. ‘लँड ऑफ कन्फ्यूजन’चे शब्दही त्याचेच. कॉलिन्सची स्वतःची म्हणावीत अशी गाणी ‘ड्यूक’पर्यंत फारशी नाहीतच. त्या अल्बममध्ये ‘मिसअंडरस्टँडिंग’ आणि ‘प्लीज डोंट आस्क’ ही दोन आली, आणि दुसरं तर लग्न मोडलेल्या माणसाचं इतकं उघडं गाणं आहे की त्याला पॉप म्हणून हिणवायला जीभ धजत नाही. छोटी, सरळ गाणी लिहायची ओढ तिघांनाही होती. आणि ‘टर्न इट ऑन अगेन’ला सरळ म्हणणाऱ्यानं ते एकदा मोजावं: तेरा मात्रा. नाचायला उठलेला माणूस दुसऱ्याच फेरीत चुकतो.

गेब्रिएल राहिला असता तर बँड वीस-वीस मिनिटांची गाणी करत राहिला असता, हाही भाबडेपणा. ‘लॅम्ब’मध्येच बहुतेक गाणी आखूड झाली होती. आणि ऐंशीच्या दशकातल्या ज्या ड्रमच्या आवाजाला लोक नाकं मुरडतात, तो दाणकन येऊन कापल्यासारखा थांबणारा आवाज, तो सापडला कुठे? गेब्रिएलच्याच तिसऱ्या स्वतंत्र अल्बमच्या वेळी, लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत. गेब्रिएलची अट होती की झांजा वाजवायच्या नाहीत. ड्रमवर पाहुणा म्हणून कॉलिन्स, रेकॉर्डिंगला ह्यू पॅजम. ‘इंट्रूडर’ ऐका, १९८०. पुढच्या वर्षी तोच आवाज कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये जगानं ऐकला, आणि पॅजम जेनेसिसच्या ‘ॲबाकॅब’ या अल्बमला येऊन बसला. शिवाय १९८६च्या जुलैत अमेरिकेत ‘इन्व्हिजिबल टच’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, तिथून त्याला खाली कोणी ओढलं माहितीये? गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’नं. दोन्हीकडची मंडळी एकाच बाजारात उभी होती, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्यात यावरून भांडण नव्हतं. भांडण आपलं.

गेब्रिएलवाल्यांचं एक मात्र मी खाली पडू देणार नाही. तो गेला तेव्हा बँडमधला विनोद गेला, आणि विनोदाच्या आडून येणारी भीती गेली. ‘द म्युझिकल बॉक्स’मध्ये पोरीनं क्रोकेच्या बॅटनं पोराचं मुंडकं उडवलंय आणि तो म्हातारा होऊन परत येतो, हे हसायचं की घाबरायचं ते कळतच नाही. बँक्सला असं लिहिता येत नाही, तो गंभीर होतो आणि वाक्य लांबतं. कॉलिन्स मनातलं थेट सांगतो, ते त्याचं बळ, पण गूढ काही उरत नाही. ‘मामा’ (१९८३) हा मोठा अपवाद. नुसतं ड्रम मशीन, खाली घुमणारा कीबोर्ड आणि ते विकृत हसू. रात्री एकट्यानं ऐकू नका. त्याच अल्बमवरचं ‘इल्लीगल एलियन’ मात्र कोणाला ऐकवायचीही लाज वाटते. नाटकी उच्चारात परक्या माणसाची टिंगल, आणि तीही न जमलेली. बचाव करणारे भेटतात, मी त्यात नाही.

तुमचा ‘इन्व्हिजिबल टच’ही तितका साखरेचा नाही बरं का. दुसऱ्या बाजूचं ‘डॉमिनो’ दहा मिनिटांच्या वर आहे. रेडिओवर ते कधी लागलं नाही म्हणून जुन्यांनी ऐकलंच नाही, असा मला दाट संशय आहे.

१९९७चा ‘कॉलिंग ऑल स्टेशन्स’ वेगळाच. कॉलिन्स बाहेर पडलेला, गायला रे विल्सन. त्याचा आवाज चांगला आहे, पण घरात कोणी हसत नाहीये असं वाटतं. अमेरिकेतला दौरा तिकिटांअभावी रद्द झाला आणि विषय तिथेच थांबला. पूर्ण संग्रह करायचा असेल तरच घ्या. तीच गोष्ट १९६९च्या पहिल्या अल्बमची.

आणखी एक, जे या वादात कोणी काढत नाही. बँड खरोखर बंद पडण्याच्या सर्वांत जवळ आला तो १९७०ला, पहिला गिटारवाला अँथनी फिलिप्स गेला तेव्हा. हे रदरफर्ड आणि बँक्स यांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे आत बसलेल्यांना जी फूट सर्वांत मोठी वाटली, ती चाहत्यांच्या हिशेबात धरलेलीच नाही.

२६ मार्च २०२२ला लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. कॉलिन्स खुर्चीवर बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा निक, प्रेक्षकांत गेब्रिएल. शेवटचं गाणं कोणतं निवडलं? ‘द कार्पेट क्रॉलर्स’, ‘लॅम्ब’मधलं. मूळ रेकॉर्ड काढून त्याचं ध्रुवपद ऐका: गेब्रिएलच्या वर जो आवाज आहे तो कॉलिन्सचा आहे.

आता पुढचं ऐकणं. लगेच ‘फॉक्सट्रॉट’वर उडी मारू नका, दमाल. आधी ‘ड्यूक’, कारण तो तुमच्या बाजूचा असूनही त्याच्या खिडकीतून मागचं दिसतं. मग ‘ट्रिक’. मग ‘सेकंड्स आउट’, त्यात अख्खं ‘सपर्स रेडी’ कॉलिन्सनं गायलंय. ते आधी ऐका आणि मग ‘फॉक्सट्रॉट’मधलं मूळ. दोन्हींत काय जास्त लागलं ते इथे लिहा, मला उत्सुकता आहे, बहुतेक लोक उलट क्रमानं आलेले असतात. ‘सेलिंग इंग्लंड’ त्यानंतर, सावकाश. ‘लॅम्ब’ सगळ्यात शेवटी आणि एका बैठकीत. दीड तास लागतो, फोन बंद ठेवा. गोष्ट कळली नाही तर काळजी करू नका, ती कोणालाच धड कळलेली नाही.