वाचकांचे प्रश्न : पी-९१ चा जोड स्ट्रेस रिलीव्हिंगनंतरही कडक

प्रश्न : वाफेच्या, पी-९१ या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पाइपला (बाहेरचा व्यास २१९ मिमी, जाडी २५ मिमी) वेल्डिंगने जोड मारला आणि तो तापवून स्ट्रेस रिलीव्हिंग (आतला ताण घालवणे) केले. तापमान नोंदवणाऱ्या चार्टवर ७६० अंश सेल्सिअसला दोन तासांची सरळ रेष आहे, तरी वेल्डवर हार्डनेस (कडकपणा) ३४० ब्रिनेल लागतो. पुन्हा तापवू का?

उत्तर : आधी कारण शोधा. कडक राहिला म्हणजे उष्णता कमी पडली, हा हिशेब पी-९१ ला पुरत नाही. हे पोलाद जास्त तापले तरी कडकच होते. साधारण ८०० अंशांपुढे (फिलरमध्ये, म्हणजे जोडात भरलेल्या धातूत, निकेल आणि मँगनीज जास्त असेल तर त्याआधीच) काही भाग पुन्हा ऑस्टेनाइट (पोलादाची उच्च तापमानाची रचना) होतो आणि निवताना त्याचा ताजा, कडक आणि ठिसूळ मार्टेन्साइट बनतो.

म्हणून वेल्डच्या बाजूला, तापवणाऱ्या पॅडखाली आलेल्या मूळ पाइपवर हार्डनेस घ्या. त्याआधी अर्धा मिमी ग्राइंड करा, नाहीतर वरच्या कार्बन उडालेल्या थराचा खोटा, कमी आकडा मिळतो. पाइपचा हार्डनेस १९० ब्रिनेलच्या खाली उतरला असेल तर तो जास्त तापला आहे. तेवढा तुकडा कापून नवा घालायचा. पुन्हा ७६० ला नेऊन तो सुधारत नाही.

पाइपचा हार्डनेस १९० ते २५० ब्रिनेलमध्ये असेल तर वेल्डरला विचारा, वेल्डिंग संपल्यावर जोड १०० अंशांखाली येऊ दिला होता का? घाईत २०० अंशांच्या प्रीहीटवरूनच (वेल्डिंगआधी दिलेल्या उष्णतेवरूनच) स्ट्रेस रिलीव्हिंग सुरू केले, तर उरलेला ऑस्टेनाइट तसाच राहतो आणि शेवटी निवताना मार्टेन्साइट होतो. अशा वेळी, किंवा खरोखर उष्णता कमी पडली असेल तर, भेगांची तपासणी करून दुसरे स्ट्रेस रिलीव्हिंग चालते.

चार्ट सरळ असून धातू भलत्याच तापमानाला, हे कसे? बहुतेकदा थर्मोकपलमुळे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीमुळे. त्याच्या दोन्ही तारा पाइपवर वेगवेगळ्या, पण शेजारी-शेजारी स्पॉट-वेल्ड करा आणि वर सिरॅमिक वूलचा तुकडा ठेवा. उघडा राहिला तर तो पॅडचेच तापमान सांगतो आणि पाइप थंड राहतो. उलट कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलपासून रेकॉर्डरपर्यंतची तार) दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर चार्ट कमी दाखवतो. जोडणीचा प्लग ६० अंशांवर आणि रेकॉर्डर ३० वर असेल, तर चूक या फरकाच्या दुप्पट, म्हणजे ६० अंश. चार्टवर ७६०, पाइप ८२०! ही चूक चार्ट पाहून कधीच कळत नाही.

तापणाऱ्या पट्ट्याची रुंदी आतील त्रिज्या गुणिले जाडी याच्या वर्गमुळाच्या पाचपट धरा. तुमच्या पाइपला २३० मिमी. इन्सुलेशन त्याच्या दुप्पट. पाइपची टोके बंद करा. आडव्या पाइपची खालची बाजू थंड राहते, तिथे वेगळे थर्मोकपल आणि शक्यतो वेगळा पॅड हवा.

प्रश्न : ४१३० या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळीची (जाडी २ मिमी) फ्रेम टिग वेल्ड केल्यावर गॅसने तापवून घ्यावी का?

उत्तर : ३ मिमीपर्यंत सहसा गरज नसते. टॉर्चने अंदाजाने लाल केलेली नळी जागोजागी वेगळी होते. सांधे वारा न लागता हवेत निवू द्या, पाणी मारू नका.