पालवी फुटली, पण फांदी कुजली

प्रश्न : जास्वंदीच्या फांद्या कुंडीत खोचल्या. आठवड्याभरात पालवी आली, मग खालून काळ्या पडून मेल्या. काय चुकलं?

उत्तर : पालवी आली म्हणजे मुळं धरली असं नव्हे. ती फांदीतल्या साठ्यावर फुटते. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं आणि चिकट, ओल्या मातीत बुडखा कुजतो. पेन्सिलीएवढी जाड, 15 सेंटिमीटरची, ना कोवळी ना जून अशी फांदी घ्या. डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या पेराच्या, लगेच खाली धारदार पात्यानं काप द्या. बोथट कात्रीनं साल चेचली, की कूज तिथूनच शिरते. वरची दोनच पानं ठेवा, तीही अर्धी कापून. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सावली, वरून प्लॅस्टिकची पिशवी. आणि कृपा करून महिनाभर उपटून पाहू नका. कोवळी मुळं पटकन तुटतात.