पोटदुखीसाठी मुलांना अ‍ॅपवरचे रिलॅक्सेशनचे व्यायाम देतात, त्याने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या मुलाचं पोट सहा महिने दुखतंय, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि डॉक्टरांनी गोळीऐवजी अ‍ॅप सुचवलं. "म्हणजे तो नाटक करतोय असंच ते सांगतायत का?" हा तुमचा खरा प्रश्न. नाही, तसं नाही. मीही आधी तोच अर्थ काढला होता आणि त्यात आमचे दोन महिने फुकट गेले.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. बेंबीभोवती दुखायचं, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. रिपोर्ट नॉर्मल आला की मला हायसं वाटायचं आणि तिचा चेहरा उतरायचा. एकदा तिने विचारलं, "आई, मग मी खोटं बोलते असं वाटतं का तुला?" ते वाक्य अजून कानात आहे.

दुखणं खरंच असतं. आतडं आणि मेंदू यांच्यात नसांवाटे सतत निरोपांची ये-जा चालू असते. या मुलांच्या नसा फार हळव्या झालेल्या असतात. आतड्याची नेहमीची हालचाल, थोडासा गॅस, जे इतरांना कळतही नाही, ते त्यांना दुखणं म्हणून जाणवतं. मग मूल घाबरतं, घाबरलं की पोट आणखी आवळतं. डॉक्टर याला 'फंक्शनल' पोटदुखी म्हणतात. आतड्याला इजा नसते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही.

हे चक्र सैल करायचं काम ते व्यायाम करतात. अ‍ॅप नवीन असलं तरी पद्धत जुनी आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना घरी ऐकायला रेकॉर्डिंग दिलं होतं. त्यातली एक कल्पना मला फार आवडते: हातातली चमकती वस्तू वितळून तळव्यात मुरते, तो हात पोटावर ठेवायचा आणि ऊब आत पसरू द्यायची. त्या गटात सुमारे ६३ टक्के मुलांना चांगला फरक पडला, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत सुमारे २७ टक्के. अभ्यास छोटा होता, फक्त ३४ मुलं. पण नंतर नेदरलँड्समध्ये २६० मुलांवर मोठा अभ्यास झाला. काहींनी संमोहनतज्ज्ञाकडे, म्हणजे अशाच कल्पना सांगत मन आणि शरीर शांत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन उपचार घेतले, बाकीच्यांनी घरी सीडी ऐकून तेच व्यायाम केले. वर्षभराने तज्ज्ञांकडच्या ७१ टक्के मुलांचं दुखणं निम्म्याहून कमी झालं होतं, घरी करणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांचं. उपचार संपले त्या वेळी मात्र घरच्या गटातला आकडा ३७ च्या आसपास होता. म्हणजे हे हळूहळू मुरतं.

आमची पहिली चूक अशी की दुखायला लागलं की मी घाईघाईने अ‍ॅप लावून द्यायचे. कळ आलेली असताना नवीन काही शिकता येत नाही. पोट शांत असताना रोज सराव झाला तरच दुखताना तो हाताशी येतो. मग रात्री झोपायच्या आधीची दहा मिनिटं ठरवली. दिवा बंद, फोन पालथा, कारण ऐकायचं असतं, बघायचं नसतं. पोटावर तिचा कापडी ससा. श्वास घेताना ससा वर गेला पाहिजे, छाती नाही. पहिले काही दिवस ससा हलेचना, खांदेच उचलायचे. आठवड्याभराने तो सावकाश वर-खाली व्हायला लागला. दुखणं कमी व्हायला त्यापुढे दीड महिना गेला.

दुसरी चूक मला जास्त लागते. शाळेतून आली की माझा पहिला प्रश्न, "आज दुखलं का गं?" मुलांना भरपूर पाणी पाजून पोटात अस्वस्थता आणायची आणि आईवडिलांचं वागणं बघायचं, असा एक प्रयोग झालाय. पालक सारखी विचारपूस करत राहिले तेव्हा तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, दुसऱ्या विषयात गुंतवलं तेव्हा निम्म्यावर आल्या. मुलांनाही गुंतवणंच बरं वाटलं, पालकांना मात्र त्यात आपण निष्ठुर होतोय असं वाटत होतं. अगदी माझंच मन. "तुझं दुखतंय हे मला माहीत आहे" एवढं एकदा सांगा आणि पुढचं बोला. शाळा शक्यतो बुडवू देऊ नका.

वजन घटणं किंवा उंची न वाढणं, शौचातून रक्त, हिरवट उलटी, ताप, सांधेदुखी, दुखण्याने रात्री झोपमोड, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, किंवा घरात कुणाला आतड्याचा जुना आजार, यातलं काहीही असेल तर अ‍ॅप बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

अ‍ॅप निवडताना त्यात पोटासाठी म्हणून केलेले व्यायाम आहेत ना, ते बघा. नुसतं मंद संगीत पुरत नाही. आवाज मुलालाच निवडू द्या. तीन महिने नेमाने करूनही काहीच हललं नाही, तर हेच प्रत्यक्ष शिकवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव डॉक्टरांकडे मागा.