वाचकांचे प्रश्न : मदत करा, पण विचारून

प्रश्न : ताई नमस्कार. माझा नवरा बाईकवरून पडला आणि घोटा मोडला, ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू टाकलेत. सहा आठवडे त्या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. स्वभावाने तो एकदम शांत माणूस, पण आता दिवसभर चिडचिड. पाणी आणून दिलं तरी चिडतो, नाही दिलं तरी चिडतो. परवा रात्री मला न उठवता एकटाच बाथरूमला निघाला आणि पडता पडता वाचला. मी म्हटलं हाक मारायला काय होतं, तर दोन दिवस बोलला नाही. मी नोकरी करते, घरात सासूबाई आहेत, मुलगा तेरा वर्षांचा आहे. सगळं करून मीच वाईट ठरतेय असं वाटतं. कधी कधी ऑफिसमधून घरी जाऊच नये असं वाटतं आणि मग त्याचंही वाईट वाटतं.

उत्तर : घरी जाऊ नये असं वाटणं यात तुमचं काही चुकत नाहीये, हे आधी सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पेशंटबरोबर येणारी घरची माणसं बाहेर बाकावर बसून हेच बोलतात, फक्त पेशंटसमोर बोलत नाहीत.

आता नवऱ्याचं. घोटा मोडलेल्या माणसाची झोप बहुतेक वेळा नीट होत नाही, रात्री ठणका जास्त जाणवतो, कूस बदलता येत नाही. त्यात वेदनेच्या स्ट्राँग गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि ही गोष्ट पुरुष माणूस बायकोलाही सांगत नाही, नुसता वैतागलेला असतो. तेव्हा एकदा सरळ विचारा आणि तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर साधं औषध मिळतं. पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच असतं. काल परवापर्यंत जो माणूस घर चालवत होता त्याला आता लघवीला जायचं तरी कुणाला तरी उठवावं लागतं. रात्री तो एकटा निघाला ना, ते तुम्हाला त्रास द्यायला नाही हो, एवढं तरी आपलं आपण करू असं वाटलं म्हणून निघाला असणार.

म्हणून 'हाक मार' म्हणण्यापेक्षा हाक मारायची गरजच कमी कशी होईल ते बघा. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट पूर्ण मोकळी करा, पायपुसणी, सैल चटया, चार्जरच्या वायरी सगळं उचला. रात्री छोटा दिवा चालू ठेवा. बाथरूममध्ये खाली रबरी मॅट, अंघोळीला न हलणारी खुर्ची, आणि कमोडशेजारी भिंतीत पक्कं बसवलेलं हँडल. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती माणसाचा भार घेत नाही आणि लोक नेमकी तीच धरतात. दोन्ही हात कुबड्यांवर असले की साधा मोबाईलही नेता येत नाही, त्यासाठी खांद्यावरून आडवी अडकवायची छोटी पिशवी द्या, किरकोळ वाटतं पण फार उपयोग होतो. पाण्याची बाटली, औषधं, चष्मा हाताला येईल असं ठेवा. कुबड्यांची उंचीसुद्धा बघा, काखेत आणि कुबडीच्या वरच्या टोकात दोन-तीन बोटं अंतर हवं आणि भार तळहातावर हवा, काखेवर रेलून चाललं की हाताला मुंग्या येतात. जिना असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, आणि सुरुवातीला सोबत कुणीतरी असू दे, माणूस उतरत असेल तर खालच्या पायरीवर.

एवढं झालं की त्याच्याशी बोला, पण रात्री नको आणि भांडण चालू असताना तर नकोच. गोळीचा असर असतो, जरा बरं वाटत असतं अशा वेळी बसा आणि एकच विचारा, 'कशात मदत हवी आणि कशात अजिबात नको, तू सांग.' तो म्हणेल कपडे मी घालतो, मग वीस मिनिटं लागली तरी लागू दे, मध्ये हात घालू नका. पाणी आणून दिलं तरी चिडतो असं लिहिलंयत, मला वाटतं त्याने न मागता आणून दिलं तेव्हा चिडतो. आणि काहीतरी काम त्याच्या नावावर असू दे, बिलं भरणं, मुलाचा अभ्यास, फोनवरची कामं, महिन्याचा हिशोब. पाय जायबंदी आहे, डोकं नाही. घरातले निर्णय त्याला वगळून घेऊ नका, 'तू आराम कर, आम्ही बघतो' हे प्रेमाने म्हटलेलं असतं पण ऐकणाऱ्याला आपण हिशोबातच नाही असं वाटतं.

बघायला येणाऱ्या लोकांचंही त्यालाच ठरवू दे. प्रत्येकाला अपघाताची तीच स्टोरी सांगायची, वर प्रत्येकाचा नवा सल्ला, त्याने माणूस थकतो. आज नको असं तो म्हणाला तर ते निरोप तुम्ही किंवा सासूबाईंनी द्या.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते. दुखतंय म्हणून चिडचिड समजून घ्यायची, मुलावर ओरडणं, वस्तू फेकणं, अबोला धरून शिक्षा करणं समजून घ्यायचं नाही. 'तुला त्रास होतोय हे दिसतंय मला, पण माझ्याशी असं बोलायचं नाही' हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि दोन आठवडे किंवा जास्त तो दिवसचा बराच वेळ उदास आहे, कशातच मन नाही, जेवण झोप बिघडली, जगण्यात काही राम नाही असं बोलतो, असं काही दिसलं तर ते स्वभावावर ढकलू नका, डॉक्टरांशी बोला, आणि शेवटचं बोलला तर त्याच दिवशी बोला. दुखापतीनंतर डिप्रेशन येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

तुमच्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही. आठवड्यातले काही तास ठरवून तुमचे हवेत, आणि ते 'वेळ मिळाला तर' नको, आधी ठरलेले हवेत, त्या वेळी सासूबाई किंवा दुसरं कुणीतरी घरात. त्या वेळात कामं उरकायची नाहीत. तेरा वर्षांचा मुलगा बाबाचं पाणी, औषधांची आठवण, संध्याकाळी थोडा वेळ सोबत हे आरामात करू शकतो आणि बऱ्याचदा मुलांनाही आपल्याला कामाला घेतलं की बरं वाटतं, मात्र बाबाला उचलणं, बाथरूमला धरून नेणं त्याच्यावर टाकू नका. सासूबाईंवरही नको, दोघं पडतील.

सहा आठवड्यांनी वजन द्यायची परवानगी मिळाली की सगळं आधीसारखं, असं घरात कुणी धरून चालू नका. हाड जुळलं तरी मांडी पोटरीचे स्नायू बारीक झालेले असतात, घोटा आखडलेला असतो, संध्याकाळची सूज तर कित्येक महिने येऊ शकते. हे आधी माहीत असलं की 'आता तर बरा झालास ना' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही. आडवा पडलेला असताना पाय उशांवर घेऊन छातीपेक्षा वर ठेवू दे, सूज उतरते. सिगरेट ओढत असेल तर हीच बंद करायची वेळ, हाड जुळायला त्याने उशीर होतो. आणि पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका, थेट हॉस्पिटल.

प्रश्न : मॅडम, माझं वय ५८. घरातल्या घरात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून आता पंधरा दिवस झाले. मुलगा सून दोघंही फार चांगले आहेत, तक्रार नाही. पण ते मला काहीच करू देत नाहीत. कपड्याची घडी घातली तरी सून धावत येते, आई राहू दे म्हणते. बोटं आखडल्यासारखी झालीत, मूठ पूर्ण मिटत नाही. बसून बसून मी घरातली अडगळ झालेय असं वाटायला लागलंय, आणि एवढं करणाऱ्यांना हे सांगायचं तरी कसं.

उत्तर : काकू, तुमची सून प्रेमाने जे करतेय त्याने तुमचा हात बरा व्हायला उशीर होतोय, हे तिला कळलं तर तीच पहिली थांबेल. मनगटाच्या फ्रॅक्चरमध्ये प्लास्टर असतानासुद्धा बोटं, कोपर, खांदा हलवत राहायचं असतं, नाहीतर बोटं आखडतात आणि खांदाही धरतो. आणि प्लास्टर निघाल्यावर तर हात वापरणं हाच व्यायाम. तुम्ही घडी घालत होता ते अगदी बरोबर होतं!

सांगायचं कसं याला माझ्याकडे एक सोपा मार्ग आहे. फिजिओच्या पुढच्या व्हिजिटला सुनेला आत घेऊन जा, बाहेर बसवू नका. काय करायचं आणि काय नाही हे तिच्यासमोर विचारा. तुम्ही सांगितलंत तर तिला वाटेल आई संकोचाने म्हणतायत, फिजिओने सांगितलं की प्रश्न संपला. साधारण या टप्प्याला रुमाल टॉवेलच्या घड्या, हलकी भांडी पुसणं, बटणं लावणं, कंगवा करणं अशी कामं चालतात, भरलेली बादली किंवा जड भांडं उचलणं, ओले कपडे जोर लावून पिळणं नाही, आणि त्या हातावर भार देऊन उठायचं नाही. तुमच्या एक्स-रेप्रमाणे यात थोडा फरक पडू शकतो म्हणून विचारूनच. पकडीतली ताकद परत यायला काही महिने लागतात. व्यायाम थोडा थोडा पण दिवसातून बऱ्याच वेळा, एकदम तासभर करून हात सुजवून घ्यायचा नाही.

घरातलं एखादं काम पुन्हा पूर्ण तुमच्या हातात घ्या, आणि ते मागून घ्या. 'मी मदत करू का' असं नको, 'कपड्यांच्या घड्या माझ्याकडे' असं म्हणा. घडी वाकडी आली तर येऊ दे.

दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचारा. हातात आग होणं, नुसत्या स्पर्शानेही असह्य दुखणं, कातडी चकचकीत दिसणं, रंग बदलणं, एका हाताला वेगळाच घाम, असं काही असेल तर लगेच दाखवा, ते नुसतं आखडणं नसतं आणि उपचार लवकर सुरू झालेले बरे. दुसरं, पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं तर हाडं ठिसूळ झालीत का हे तपासायला हवं, त्यासाठी डेक्सा नावाची टेस्ट असते, दुखत नाही. बऱ्याच जणी मनगट बरं झालं की हे विसरून जातात आणि मग पुढे कधीतरी खुबा मोडतो. तुम्ही विसरू नका.

प्रश्न : ताई, माझ्या कॉलरबोनला फ्रॅक्चर आहे, हात स्लिंगमध्ये आहे. मुलगी दोन वर्षांची. उचलायचं नाही म्हणून तिला जवळ आली की लांब करावं लागतं, आता ती माझ्याकडे येतच नाही, आजीकडेच जाते. रात्री मला फार रडू येतं. काय करू?

उत्तर : ती दुरावलेली नाहीये, ती गोंधळलीये. तिला फक्त एवढंच कळतंय की आई लांब करते, का ते कळत नाही. तिला स्लिंग दाखवा, 'आईला इथे बाऊ झालाय, इकडच्या बाजूला ये' म्हणून चांगली बाजू दाखवा, आणि हे रोज सांगा कारण या वयात एकदा सांगून राहत नाही. तिची बाहुली असेल तर तिलाही रुमालाचं स्लिंग बांधा, मुलं खेळातून पटकन समजतात.

उचलायचं नाही याचा अर्थ जवळ घ्यायचं नाही असा नाही. तुम्ही जमिनीवर किंवा पलंगावर टेकून बसा आणि आजीला तिला तुमच्या चांगल्या बाजूला आणून बसवू दे, ती स्वतः चढून आली तर आणखी छान. दिवसातली एक गोष्ट फक्त तुमचीच ठेवा, झोपताना गोष्ट सांगणं म्हणा किंवा पुस्तकातली चित्रं बघणं, आणि त्या वेळी आजीने खोलीतून बाहेर जायचं हे आजीशी आधी बोलून ठेवा. डायपर, अंघोळ, जिना उतरवणं हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसऱ्यांनीच करायचं, 'एकदाच उचलते' असं मनात आलं तरी नाही.

ती शेजारी झोपत असेल तर तुमच्या चांगल्या बाजूलाच, आणि मध्ये एक जाड उशी. झोपेत मुलांच्या लाथा जोरात बसतात.