कुशाक आणि स्लाव्हिया एकच गाडी आहे का?

तुम्ही विचारलंय की स्कोडाची कुशाक (एसयूव्ही) आणि स्लाव्हिया (सेडान), फोक्सवॅगनची टायगुन (एसयूव्ही) आणि व्हर्टस (सेडान) या चारी एकाच प्लॅटफॉर्मवर आहेत, तर कंपनी एकच गाडी चार नावांनी गळ्यात मारतेय का. आणि आईच्या गुडघ्यांचा विचार करता यातली कुठली घ्यावी. भोसरीत डाय-टूलिंगमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे बनवण्यात, माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लॅटफॉर्म म्हणजे खालचा पत्र्याचा सांगाडा, असा समज असतो. खरं तर तो ठरलेल्या मापांचा आणि सामायिक भागांचा संच. फोक्सवॅगन समूहाचा (स्कोडा त्यातलीच) एमक्यूबी नावाचा प्लॅटफॉर्म २०१२ मध्ये आला, तेव्हा त्यात एक अंतर पक्कं ठरवलं गेलं: पुढच्या चाकांच्या मध्यापासून पेडलपर्यंतचं. (क्यू म्हणजे जर्मन ‘क्वेर’, आडवं, इंजिन आडवं बसतं.) एवढ्याशा जागेत इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, एसी असं सगळं कोंबायचं असतं. शिवाय समोरून धडक बसली तर पहिला मार तिथेच. डोकं आणि पैसा सगळ्यात जास्त तिथे खर्च होतो, म्हणून ते काम एकदाच करतात. पेडलच्या मागे व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हवा तसा वाढवा-घटवा.

भारतासाठी याचंच एमक्यूबी ए० आयएन हे रूप झालं. चारी गाड्या चाकणच्याच, चौघींचा व्हीलबेस २६५१ मिमी, इंजिनं तीच दोन: १.० आणि १.५ लिटरची टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल. पण कुशाक ४२२५ मिमी लांब आणि स्लाव्हिया ४५४१. हा ३१६ मिमीचा फरक मुख्यतः मागच्या चाकापलीकडे गेलाय, म्हणून डिकी ३८५ लिटरवरून ५२१ वर जाते. आणि गंमत बघा, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) कुशाकचा १८८ मिमी आणि स्लाव्हियाचा १७९! ‘एसयूव्ही’ म्हणून मिरवणारी गाडी सेडानपेक्षा फक्त ९ मिमी उंच उभी आहे.

बाहेरच्या पत्र्याचे डाय मात्र वेगळे लागतात, आणि ते स्वस्त नसतात. बॉनेट, दरवाजे, फेंडर अशा एकेका भागाला चार-पाच डायचा संच: ओढायचा, कापायचा, दुमडायचा. शेवटी डाय-फिटर हाताने घासत बसतो, तेव्हा कुठे पत्र्यावरची लाट जाते. नुसता लोगो बदलायचा असता तर हा उपद्व्याप कुणी केला नसता. टायगुन-कुशाक जोडीत मात्र साम्य खरंच जास्त आहे, तिथे तुमचा संशय मला पटतो.

स्कोडाची छोटी एसयूव्ही कायलॅक याच कुटुंबातली. तिथे व्हीलबेस २५६६ वर आणला, कारण ४ मीटरच्या आत राहून पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी. म्हणून तिला १.५ लिटरचं इंजिन मिळालंच नाही.

एकाच घरातल्या असल्याचा तोटाही आहे. सामायिक सुट्या भागात खोट निघाली तर ती चौघींनाही भोवते.

आईंसाठी म्हणाल तर कुशाक किंवा टायगुन. ९ मिमीवर जाऊ नका. तिथे सीटच उंच आहे, त्यामुळे वाकून खाली बसावं लागत नाही. तरी शोरूमला त्यांना सोबत न्या आणि मागच्या सीटवर दोन-तीनदा चढ-उतार करायला लावा.